१९५१ चे जायंट्स: दुर्बीण वजा केली तर काय उरतं?

हडसनकाठी

परवा एका कामासाठी मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला, एकशे पंचावन्नाव्या रस्त्यापाशी गेलो होतो. काम दहा मिनिटांत आटोपलं. पाय मोकळे करायला म्हणून एजकोम्ब अव्हेन्यूवरून खाली उतरणाऱ्या जुन्या जिन्याने निघालो. मधल्या टप्प्यावर लोखंडात ओतलेली अक्षरं दिसली: जॉन टी. ब्रश जिना, न्यूयॉर्क जायंट्सकडून भेट. आता जायंट्स या बेसबॉल संघाने १९५८ मध्येच बिऱ्हाड सॅन फ्रान्सिस्कोला हलवलं, आणि ज्या मैदानात प्रेक्षक या जिन्याने उतरायचे ते पोलो ग्राउंड्स १९६४ मध्ये पाडलं. खाली आता उंच इमारती आहेत. वऱ्हाड केव्हाच परत गेलंय आणि मांडव तेवढा उभा, असा तो जिना.

तेव्हापासून १९५१ चा मोसम डोक्यात घोळतोय. बेसबॉलचं वावडं असलेल्यांसाठी थोडक्यात: ११ ऑगस्टला जायंट्स ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होते. उरलेल्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून त्यांनी बरोबरी गाठली. मग पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, कोणाचं हे ठरवायला तीन सामने. पहिला जायंट्सचा, दुसरा डॉजर्सचा. तिसऱ्यात, ३ ऑक्टोबरला, शेवटच्या इनिंगमध्ये जायंट्स १-४ असे मागे. एक रन आला, दोघे बेसवर, आणि बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला: होमरन, तिघेही घरी. ५-४. रेडिओवर रस हॉजेस ‘जायंट्सनी पेनंट जिंकलं’ हे एकच वाक्य घसा बसेपर्यंत ओरडत राहिला.

पन्नास वर्षं ही परीकथा होती. मग २००१ च्या जानेवारीत जोशुआ प्रेगर या पत्रकाराने वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये खेळाडूंच्याच तोंडून लिहिलं, की जायंट्स घरच्या मैदानावर दुर्बिणीतून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होते, म्हणजे कुठला चेंडू येणार ते आधीच जाणून घेत होते.

प्रश्न असा: हे कळल्यावर तुमच्या लेखी हा मोसम कुठे बसतो? दुर्बीण वजा केली तर खाली काय उरतं?

चकणा_चिवडा

पयला!
पोलो ग्राउंड्सवर पोलो खेळायचे का?

हडसनकाठी

@चकणा, नाही. मूळचं पोलो ग्राउंड्स सेंट्रल पार्कच्या वरच्या कोपऱ्याशी होतं, तिथे पोलो व्हायचा. संघ तिथून हलला आणि नाव बरोबर घेऊन गेला. या जागेवर कोणी घोडा नाचवलेला नाही.

खडूस_मावशी

काही उरत नाही. चोरी ती चोरी. परीक्षेत आधीपासून पेपर माहीत असलेला मुलगा बोर्डात पहिला आला तर आपण त्याच्या कष्टांचं कौतुक करतो का?

गणिती_गुंड्या

मावशी, थांबा जरा, आधी आकडे नीट लावू. धागाकर्त्याने ‘साडेतेरा’ लिहिलंय. ११ ऑगस्टला डॉजर्सचे एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला जिंकल्यावर ७० विजय, ३५ पराभव. जायंट्स ५९-५१. विजयांतला फरक ११, पराभवांतला १६, बेरीज २७, भागिले दोन, साडेतेरा. मग डॉजर्स दुसरा सामना हरले आणि रात्री झोपताना फरक १३ झाला. साडेतेरा हा जेमतेम एका संध्याकाळचा आकडा आहे, पण तोच अजरामर झाला.

माझगावचा_मधू

अर्धा सामना मागे म्हणजे काय हे मला आज पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं वाटायचं की पावसाने थांबलेला सामना असेल.

गणिती_गुंड्या

अजून एक. त्या दिवसापासून डॉजर्स २६-२२ खेळले. म्हणजे ते काही दाणकन आपटले नाहीत. निम्म्याहून जास्त सामने जिंकत होते बिचारे. समोरचा ३७-७ खेळायला लागला त्याला कोण काय करणार! १२ ते २७ ऑगस्ट जायंट्सनी सलग १६ जिंकले. सरतेशेवटी दोघेही ९६-५८.

रानजाई

बाबा भिलईहून इकडे नोकरीला आले ते सत्तरच्या दशकात. बे एरियात जायंट्स म्हणजे आमच्या घरचा संघ, त्यामुळे विली मेज हे नाव मी ‘अआइई’ बरोबर शिकले. म्हणून माझं मत एकतर्फी समजा.

१९५१ मध्ये मेज वीस वर्षांचा होता. मिनियापोलिसच्या खालच्या दर्जाच्या संघात .४७७ ने मारत होता, म्हणजे जवळपास निम्म्या खेपांना हिट, मे महिन्यात वर बोलावलं. पहिल्या बारा खेपांत शून्य. मग वॉरन स्पानसारख्या पिचरला पोलो ग्राउंड्सच्या छपरावरून होमरन. लोक उठून नाचले. आणि पुन्हा सगळं बंद! पहिल्या २६ खेपांत तो एकच हिट. पोरगं कपडे बदलायच्या खोलीत रडत बसलं, मला परत खाली पाठवा म्हणून. मॅनेजर लिओ ड्युरोशर म्हणजे जिभेला हाड नसलेला, अंपायरशी भांडणारा, कुणालाही न आवडणारा माणूस. त्याने याला शेजारी बसवून सांगितलं की मी इथे असेपर्यंत सेंटर फील्डला तूच.

दुर्बीण यायच्या दोन महिने आधीची गोष्ट आहे ही. आणि १५ ऑगस्टला डॉजर्सविरुद्ध १-१ असताना मेजने पळत पळत उजव्या-मधल्या कोपऱ्यात झेल घेतला, धावता धावताच डावीकडून पूर्ण गिरकी मारली आणि थेट कॅचरकडे फेकला. तिसऱ्या बेसवरून निघालेला बिली कॉक्स होमवर बाद. जायंट्स ३-१ जिंकले. गिरकी घेताना पाठ होती हो त्याची! कुठल्या दुर्बिणीतून दिसलं ते?

खडूस_मावशी

@रानजाई, फील्डिंगचं कौतुक मान्य. बॅटिंगचं बोला.

सुताराची_पट्टी

मला आधी ही यंत्रणा कशी चालायची ते समजून सांगा कुणीतरी. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, तेवढाच भाग मला कळेल.

हडसनकाठी

सांगतो. पोलो ग्राउंड्सचा आकार घोड्याच्या नालासारखा. बाजूच्या भिंती हास्यास्पद जवळ, डावीकडे २७९ फूट, उजवीकडे तर २५७ च्या आसपास, आणि समोर मात्र पार पावणेपाचशेच्या पलीकडे. खेळाडूंच्या खोल्या इतर मैदानांसारख्या डगआउटमागे (सामना चालू असताना संघ बसतो ती जागा) नव्हत्या, त्या सेंटर फील्डच्या टोकाला होत्या. ड्युरोशरच्या खोलीची खिडकी थेट कॅचरच्या समोर.

कॅचर मांड्यांच्या मध्ये हात धरून पिचरला बोटं दाखवतो. साधारण एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह. हर्मन फ्रँक्स नावाचा कोच दिवा मालवून त्या खिडकीत दुर्बीण लावून बसायचा. हातात बटण. मैदानाच्या इलेक्ट्रिशियनने तिथून डगआउटपर्यंत आणि उजवीकडच्या बुलपेनपर्यंत (राखीव पिचर हात गरम करतात ती जागा) तार ओढून दिली होती. बझर एकदा वाजला की फास्टबॉल, दोनदा वाजला की वळणारा. बुलपेनमध्ये राखीव कॅचर सॅल य्वार्स बॅटरच्या अगदी नजरेसमोर बसलेला. तो चेंडू नुसता हातात धरून राहिला तर फास्टबॉल, वर उडवला तर कर्व्ह.

हे सुरू झालं जुलैच्या वीस तारखेच्या आसपास.

सुताराची_पट्टी

वा! दरवाजाची घंटाच की. त्या इलेक्ट्रिशियनने ही वायरिंग बिलात कुठल्या नावाखाली दाखवली असेल?

चकणा_चिवडा

‘किरकोळ दुरुस्ती’.

माझगावचा_मधू

चेंडू कुठला येणार हे कळून एवढा काय फरक पडतो? आपल्याकडे फलंदाज गुगली हातातून वाचतोच की.

पिंपळपान

@मधू, आपल्याकडे वाचायला वेळ असतो, टप्पा पडतो, पुढे-मागे सरकता येतं. इथे पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा. फास्टबॉल पोचायला सेकंदाच्या चार दशांशांच्या आसपास. त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवायची की नाही हे ठरवण्यातच जातो. कर्व्ह येणार हे आधी कळलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

पण अर्धीच. आमच्या कॉलनीतल्या टेनिसबॉल स्पर्धेची गोष्ट सांगतो, चोर आम्हीच होतो म्हणून बिनधास्त सांगतो. समोरच्या संघाचा एक बोलर स्लोअर वन टाकताना धाव घेण्याआधी पाठीमागे हात नेऊन पकड बदलायचा. आमचा एक पोरगा पाण्याच्या टाकीवर बसवला होता. पकड बदलली की त्याने डोकं खाजवायचं. मी स्ट्राइकवर. टाकीकडे नजर गेली, गडी दोन्ही हातांनी डोकं खाजवतोय. म्हटलं, आला स्लोअर. आरामात पाय काढला, चेंडू मैदानाबाहेर कुठे टाकायचा ते पण ठरवलं. मधला दांडा कधी गेला कळलंच नाही. नंतर विचारलं तर पोरगा म्हणतो, ‘दादा, मला खरंच खाज सुटली होती.’

चकणा_चिवडा

खपलो!!

डोंगरची_मैना

पिंपळपान, दंडवत घ्या. य्वार्सच्या हातातून चेंडू सहज निसटला असता तर?

गणिती_गुंड्या

हसणं झालं असेल तर पिंपळपानांच्या मुद्द्याला आकड्यांचा टेकू देतो. जुलैच्या विशीनंतर जायंट्सची बॅटिंगची सरासरी घरच्या मैदानावर वाढायला हवी ना? ती उलट किंचित घसरली. वाढली ती बाहेरच्या मैदानांवर, जिथे ना खिडकी ना बझर. बॉस्टनला जाऊन शेवटचे दोन सामने जिंकले ते काय य्वार्सच्या हातवाऱ्यांवर?

मग जिंकले कशाने? पिचिंगने. सॅल मॅग्ली २३-६, लॅरी जॅन्सन २३-११. दोघे मिळून ४६ विजय. दुर्बिणीने पिचिंग सुधारत नाही.

पिंपळपान

मॅग्लीचं टोपणनाव ‘न्हावी’. बॅटरच्या हनुवटीला चाटून जाईल असा चेंडू टाकायचा. वस्तरा फिरवल्यासारखा.

चकणा_चिवडा

दाढीचे वेगळे पैसे पडायचे का?

खडूस_मावशी

गुंड्या, सरासरी घसरली म्हणून गुन्हा माफ होत नाही. घरफोडीला गेला आणि तिजोरी रिकामी निघाली, म्हणून तो चोर नाही का? आणि सरासरीचं सोडा, ऐन मोक्याच्या एका चेंडूला ती खूण मिळाली असेल तर तेवढीच पुरे. साडेतेरा सामने गेले आणि मोसम शेवटी एका चेंडूवर आला ना?

न्यूअर्कवासी

मावशींचा हा मुद्दा बिनतोड आहे. पण मग त्याच मालिकेतले बाकी दोन सामनेही बघू.

पहिला सामना १ ऑक्टोबरला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर. जायंट्स ३-१. त्यात थॉमसनने होमरन मारला. कुणाला? ब्रँकालाच! तिथे दुर्बीण नव्हती. दुसरा सामना २ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर. दुर्बीण होती, बझर होता, सगळं होतं. डॉजर्सच्या क्लेम लबाइनने जायंट्सना एकही रन दिला नाही. १०-०.

आता गंमत बघा. टॉस जिंकला होता डॉजर्सनी. पहिला सामना घरी घेऊन पुढचे दोन पोलो ग्राउंड्सवर जाऊ दिले ते त्यांनीच.

अवांतर: माँटी अर्विनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून राहवत नाही. मी राहतो त्या न्यूअर्कच्या ‘ईगल्स’चा तो खेळाडू, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधला. मोठ्या लीगमधला त्या काळचा पहिला कृष्णवर्णीय, डॉजर्सचा जॅकी रॉबिन्सन, १९४७ मध्ये आला, पण अर्विनला मोठ्या लीगमध्ये यायला १९४९ उजाडलं, तेव्हा तो तिशीत. १९५१ मध्ये बत्तिसाव्या वर्षी .३१२ सरासरी, १२१ रन घरी आणले, अख्ख्या नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. आणि दुर्बिणीच्या खुणा मला नकोत असं त्याने सांगून टाकलं होतं. मेज आला तेव्हा त्याला सांभाळणारा, खोलीतला सोबती, हाच. या मोसमाचा मानकरी निवडायचा तर माझं मत अर्विनला.

रानजाई

+१००. मेजला सोडून कुणाला मत द्यायचं तर अर्विनलाच.

माझगावचा_मधू

मला हे वाचताना सारखा चेतन शर्मा आठवतोय. १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर चार हवेत आणि मियाँदादने षटकार मारला. वडिलांनी टीव्ही बंद केला आणि घरात कुणी जेवलं नाही. त्या एका चेंडूपुढे माणसाची बाकीची कारकीर्द कुणाला आठवेना. पुढच्याच वर्षी विश्वचषकात हॅटट्रिक घेतली त्याने, तरी लोक विचारणार शारजाचंच.

हडसनकाठी

@मधू, ब्रँकाचं अगदी हेच. पंचविशीचा पोरगा. पाठीवर १३ नंबर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, शुक्रवारी तेरा तारखेला, हातात काळं मांजर घेऊन त्याने हसत हसत फोटो काढून घेतला होता, मी असलं काही मानत नाही म्हणून.

डोंगरची_मैना

अगागा. कशाला हवं होतं ते मांजर.

चकणा_चिवडा

मांजराची बाजू कुणी ऐकून घेतली का? ते त्या दिवसापासून काळा माणूस आडवा गेला म्हणत असेल.

संपादक_मंडळ

चकणा_चिवडा, रंगावरून विनोद नको. विशेषतः या विषयात. पहिली आणि शेवटची सूचना.

चकणा_चिवडा

चूक झाली. मनापासून माफी. ब्रँका गोरा होता म्हणून लिहून गेलो, पण तरी नकोच होतं.

पिंपळपान

ब्रँका मुळात तिथे आलाच कसा, ती साखळी मला जास्त रंजक वाटते.

तिसऱ्या सामन्यात डॉजर्सकडून डॉन न्यूकम पिचिंग करत होता. शनिवारी, २९ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात पूर्ण सामना टाकून एकही रन दिला नाही. रविवारी त्याच मैदानावर मोसमाचा शेवटचा सामना, जायंट्स बॉस्टनमध्ये जिंकून बसलेले, डॉजर्सना जिंकणं भाग. चौदा इनिंग चालला. न्यूकमला पुन्हा आणलं, पाचाहून जास्त इनिंग टाकल्या. बाराव्या इनिंगमध्ये रॉबिन्सनने आडवं झेपावून झेल घेतला नसता तर तिथेच खेळ खलास होता. कोपर पोटात घुसून तो निपचित पडला. आणि चौदाव्यात त्यानेच होमरन मारून ९-८ ने जिंकून दिला. बुधवारी न्यूकम परत उभा! आठ इनिंगपर्यंत एकच रन दिला त्याने.

नवव्यात हात संपला. डार्कचा हिट, म्युलरचा हिट. अर्विनने मात्र साधा झेल दिला. मग लॉकमनचा डबल (एका फटक्यात दोन बेस), एक रन. म्युलर तिसऱ्या बेसवर घसरताना घोटा मुरगळून पडला, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. तेवढा वेळ खेळ थांबला.

बुलपेनमध्ये दोघे तयार होत होते, कार्ल अर्स्किन आणि ब्रँका. मॅनेजर चार्ली ड्रेसनने फोन केला. तिथल्या कोचने सांगितलं, अर्स्किनचा कर्व्ह जमिनीवर आपटतोय. झालं, ब्रँकाला पाठवा. नेहमीचा कॅचर रॉय कॅम्पनेला जखमी, त्याच्या जागी रूब वॉकर. ब्रँकाचा पहिला चेंडू मधोमध, थॉमसनने बघत सोडला. दुसरा मुद्दाम वर आणि आत टाकला, म्हणजे त्यापुढचा कर्व्ह बाहेर टाकून फसवता येईल. त्यापुढचा टाकायची वेळच आली नाही. घड्याळात ३:५८.

म्हणजे अर्स्किनचा एक कर्व्ह जरा वरून गेला असता तर हा धागा निघाला नसता.

खडूस_मावशी

पिंपळपान, सुंदर लिहिलंत. पण मला सांगा, पहिला चेंडू मधोमध फास्टबॉल आला तो सोडला, आणि दुसरा अवघड जागचा होता तो मारला. खूण मिळत असती तर उलट व्हायला नको होतं का? हे मी माझ्याच विरोधात बोलतेय याची नोंद घ्यावी.

गणिती_गुंड्या

नोंद घेतली. मावशींनी स्वतःविरुद्ध मुद्दा मांडला, आज पेढे वाटा.

शिवाय दुसऱ्या बेसवर लॉकमन उभा होता. तिथून कॅचरची बोटं उघड्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून दुसऱ्या बेसवर कुणी असलं की कॅचर खुणांचा क्रम बदलतात.

सुताराची_पट्टी

थॉमसन स्वतः काय म्हणाला पण?

हडसनकाठी

यंत्रणा होती हे त्याने मान्य केलं. त्या चेंडूची खूण घेतली नाही असं सांगत राहिला. २०१० मध्ये गेला. खोटं बोलला असेल? असेलही. पण त्या दिवशीचा त्याचा बाकीचा खेळ बघा, हा माणूस कुणाच्या इशाऱ्यावर चाललेला वाटत नाही. दुसऱ्या इनिंगमध्ये हिट मारून मान खाली घालून दुसऱ्या बेसकडे पळत सुटला. तिथे आपलाच लॉकमन उभा! स्वतः बाद. आठव्यात तिसऱ्या बेसवर त्याच्या बाजूने चेंडू निसटले आणि डॉजर्सचे तीन रन आले. होमरन गेला नसता तर पराभवाचं खापर त्याच्या डोक्यावर फुटणार होतं.

माझगावचा_मधू

आणि ब्रँका? त्याला २००१ मध्येच कळलं?

हडसनकाठी

हेच सांगायचं राहिलं होतं. १९५४ मध्ये. डेट्रॉइटला खेळत असताना संघातल्या एकाने सांगितलं. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं त्याने जाहीरपणे तोंड उघडलं नाही. रडका म्हणवून घ्यायचं नव्हतं त्याला. थॉमसनबरोबर कार्यक्रमांना जायचा, दोघे शेजारी बसून त्या क्षणाच्या फोटोंवर सह्या द्यायचे. चांगली मैत्री जमली दोघांची. आता कल्पना करा: शेजारचा माणूस हसत सही करतोय, आणि तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे त्याला माहीत नाही.

डोंगरची_मैना

हे वाचून थांबले जरा.

खडूस_मावशी

माझं मत बदललं नाही, पण रागाचा रोख बदलला. थॉमसनवर नाही, दिवा मालवून खिडकीत बसलेल्यांवर.

टग्या_टिंबकटू

उशिरा आलो. पण तेव्हा दुर्बिणीवर बंदी होती का मुळात? नियमपुस्तकात नसेल तर चोरी कसली? खुणा वाचणं हा खेळाचाच भाग मानतात ना?

पिंपळपान

तेव्हा तसा लेखी नियम नव्हता हे खरं. मैदानावर उभं राहून डोळ्यांनी खूण पकडली तर ती हुशारी. यंत्र आणलं की लबाडी, हा संकेत मात्र तेव्हाही होता, नाहीतर इतकी लपवाछपवी कशाला केली असती? ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१७ मध्ये दुर्बिणीऐवजी कॅमेरा वापरला आणि बझरऐवजी कचऱ्याचा डबा बडवला. तंत्रज्ञान पुढे गेलं म्हणावं की मागे?

सुताराची_पट्टी

मागे. बझरची वायरिंग किती सुबक होती.

रानजाई

त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचा, कुणी उल्लेखच केला नाही. लोकांना वाटतं होमरननंतर जायंट्स जगज्जेते झाले. कुठले! दुसऱ्याच दिवशी नदीपलीकडे यांकी स्टेडियमवर हजर व्हायचं होतं. पहिला सामना जिंकले, अर्विनने तर पिचर चेंडू टाकत असतानाच धावत सुटून चक्क होम बेस चोरला. ती चोरी कायदेशीर बरं का, मावशी! म्युलरचा घोटा गेल्यामुळे हँक थॉम्पसन उजवीकडे उभा राहिला, आणि अर्विन, मेज, थॉम्पसन असे तिन्ही आउटफिल्डर कृष्णवर्णीय, सिरीजच्या इतिहासात पहिल्यांदा. पण सिरीज यांकीजनी ४-२ ने नेली.

न्यूअर्कवासी

आणि त्या बुधवारी मैदानात होते ३४,३२० प्रेक्षक. वीसेक हजार खुर्च्या रिकाम्या. ढगाळ हवा, मधला वार, आणि आदल्या दिवशी १०-० चा मार खाल्लेला. पुढे मात्र ‘मी तिथे होतो’ म्हणणारे न्यूयॉर्कात इतके भेटायचे की तीन पोलो ग्राउंड्स भरली असती.

माझगावचा_मधू

शिवाजी पार्कला गावस्करला नेटमध्ये बाद केलेले जितके लोक भेटतात तितके.

हडसनकाठी

सगळ्यांचे आभार. धागा काढताना वाटलं होतं चार प्रतिसाद येतील.

माझ्याच प्रश्नाला माझं उत्तर: दुर्बीण वजा केली तर मॅग्ली-जॅन्सन उरतात, अर्विन उरतो, मेजची गिरकी उरते, न्यूकमचा थकलेला हात उरतो. बेरीज बहुधा तेवढीच भरते. पण वजा करताना पेन्सिल थरथरते ती ब्रँकापाशी. त्याचे ते सत्तेचाळीस वर्षांचे हिशेब मला कुठल्याच रकान्यात टाकता येत नाहीत.

एक दृश्य राहिलं. होमरन गेल्यावर मैदानात झुंबड उडाली. जायंट्सचा स्टँकी धावत येऊन ड्युरोशरच्या पाठीवर चढला. डॉजर्स खाली माना घालून त्या लांबच्या खोल्यांकडे चालू लागले. एकटा रॉबिन्सन कमरेवर हात ठेवून मागे वळून उभा होता, थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही ते बघत. आणि पुढची बॅटिंग कोणाची होती? विली मेजची. माझ्यावर पाळी येऊ नये म्हणून तो मनात धावा करत होता असं पुढे त्यानेच सांगितलं.

न्यूअर्कवासी, पुढच्या शनिवारी जिना बघायला येताय का? एकशे पंचावन्नच्या स्टेशनवर भेटू.

न्यूअर्कवासी

येतो. अकरा वाजता. थर्मासमधून चहा आणतो, तिकडे धड चहा मिळत नाही.

खडूस_मावशी

मी पुण्यात आहे म्हणून वाचलात दोघे. फोटो टाका.

नवा_भिडू_२२

नमस्कार, मी इथे नवीन आहे. धागा छान आहे. एक शंका, पोलो ग्राउंड्सवर पोलो खेळायचे का?

चकणा_चिवडा

ये बाबा, बस माझ्या शेजारी.